पहिलटकरीण कासवी

इंग्लंडात डेव्हन परगण्यातल्या पावडरहॅम कॅसलच्या बागेत टिमथी नावाचं एक कासव होतं. 1854 मध्ये क्रिमियन युद्धात सेवास्तोपोलवर तोफा डागल्या जात होत्या, तेव्हा ते ‘एचएमएस क्वीन’ या युद्धनौकेवर खलाशांचं लाडकं म्हणून वावरत होतं. पुढे 1926 मध्ये मालकांच्या मनात आलं, की टिमथीला जोडीदारीण आणावी, पिल्लं व्हावीत. त्या खटपटीत उलगडा झाला, की टिमथी मादी आहे. तोवर कितीतरी पिढ्या तिला ‘तो’ म्हणत आल्या होत्या. 2004 मध्ये ती वारली, तेव्हा तिचं वय 160 च्या घरात असावं असा अंदाज होता.

कासव पाळणाऱ्या घरांत हे आजही घडतं. कोवळ्या वयात जमिनीवरच्या कासवाचं लिंग बाहेरून ओळखता येत नाही. नराची शेपूट लांब आणि जाड होते, पोटाचं कवच आत दबतं. पण ही लक्षणं अंग भरल्यावरच दिसू लागतात. त्यामुळे ‘नर’ म्हणून वाढवलेलं कासव एखाद्या उन्हाळी दुपारी बागेच्या कोपऱ्यात मागच्या पायांनी माती उकरायला लागतं आणि घरात धावपळ उडते. अंडी कशात ठेवायची, किती ऊब द्यायची, पिल्लं कधी निघणार? या गडबडीत सगळ्यांचं लक्ष अंड्यांकडे जातं. मला वाटतं, पहिली नजर त्या आईकडे जायला हवी. ती पहिलटकरीण आहे, अंगाने लहान आहे, आणि धोका असलाच तर अंड्यांआधी तिला आहे.

आपल्या संतवाङ्मयात कासवी नुसत्या दृष्टीने पिलांना पोसते असा संकेत आहे. प्रत्यक्षातली कासवी अंडी पुरते आणि निघून जाते. पिलाला जे काही द्यायचं ते तिने आधीच अंड्यात घातलेलं असतं: पिवळा बलक, पाणी, कवचातला चुना. हा चुना येतो तिच्या रक्तातून आणि हाडांतून. म्हणून अंडी धरण्याच्या वयातल्या मादीला कॅल्शियम आणि भरपूर ऊन लागतं. उन्हातल्या अतिनील किरणांशिवाय तिच्या शरीरात ड जीवनसत्त्व नीट तयार होत नाही, आणि ते नसलं तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. जाणते लोक कासवाच्या जागेत समुद्रफेसाचा, म्हणजे माकुळाच्या चुनेदार हाडाचा, तुकडा कायमचा ठेवून देतात. मादी तिला हवा तेव्हा तो कुरतडते. अंडी येणार असली की तिचं कुरतडणं वाढल्याचंही पुष्कळांच्या पाहण्यात आहे.

मादी वयात येते ती वर्षांच्या हिशेबाने कमी, अंगाच्या हिशेबाने जास्त. युरोपात पुष्कळ पाळलं जाणारं हर्मनचं कासव रानात वयात यायला दहाएक वर्षं सहज घेतं. घरात रोज पोटभर खाणं आणि हिवाळ्यातही दिव्याची ऊब मिळाली, की तेच कासव भराभर वाढतं आणि खूप आधी अंडी घालू लागतं. अशा लवकर वाढलेल्या मादीची पहिली अंडी बहुधा थोडी असतात, कधी वेडीवाकडी, कधी पातळ कवचाची, आणि पुष्कळदा वांझ. नराचा संग नसला तरी मादी अंडी घालते. कोंबडीचं जसं, तसंच. उलटंही होतं. कासवाची मादी नराचं बीज शरीरात काही वर्षं जिवंत राखू शकते. त्यामुळे दोन-तीन वर्षं एकटी राहिलेल्या मादीची अंडी वांझच असणार, असं धरून चालता येत नाही.

अंडी घालण्याच्या आधी काही दिवस ती खाणं कमी करते, कुंपणाच्या कडेने येरझाऱ्या घालते, इथे तिथे थोडं उकरून सोडून देते. जागा पसंत पडली की खरं काम सुरू होतं. पुढचे पाय घट्ट रोवून ती एकदा डावा, एकदा उजवा असे मागचे पाय आळीपाळीने खाली घालते, पंजाभर माती उचलून बाजूला ठेवते. माती कडक लागली तर लघवीने ओली करून घेते. खड्डा पूर्ण होतो, पण तो तिने एकदाही पाहिलेला नसतो, कारण सगळं काम पाठीमागे चाललेलं असतं. अंडं पडलं की मागच्याच पायाने ते हळूच बाजूला सारते, मग दुसरं. शेवटी माती लोटून पोटाच्या कवचाने ती दाबून बसवते, आणि जागा अशी सपाट होते की पाहणाऱ्याचं लक्ष क्षणभर दुसरीकडे गेलं तर ती पुन्हा सापडत नाही. हा सगळा वेळ माणसाने लांब राहावं. मध्येच उचललं किंवा घाबरवलं तर ती काम सोडून देते आणि अंडी पोटातच राहतात.

अंडी अडणं हे पाळीव माद्यांचं मोठं दुखणं आहे. थंड, चिकण मातीची बाग असेल, किंवा मादी टाकीत लाकडाच्या भुशावर ठेवलेली असेल, तर तिला उकरण्याजोगी जागाच नसते. अंडी ती आठवडेच्या आठवडे धरून ठेवते. कवचं जाड होत जातात, मग तिच्याच्याने ती बाहेर पडत नाहीत. सुस्ती, अन्नावरची वासना उडणं, मागच्या पायांत अशक्तपणा दिसला की प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्यावं. क्ष-किरणांत अंडी स्वच्छ दिसतात. कॅल्शियम आणि ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनने बहुतेकदा सुटका होते, नाहीतर शस्त्रक्रिया. यावरचा खरा उपाय स्वस्त आहे: उन्हात, थोड्या उतारावर, माती आणि वाळू मिसळून केलेला ढीग. त्याची खोली मादीच्या अंगाच्या लांबीपेक्षा कमी नसावी.

आता अंड्यांकडे वळू. कोंबडीची अंडी उबवताना ती दिवसातून अनेकदा फिरवावी लागतात, नाहीतर गर्भ कवचाला चिकटून मरतो. कासवाचा नियम नेमका उलटा आहे. आईच्या पोटात असताना, तिथे प्राणवायू फार कमी असल्यामुळे, गर्भाची वाढ थांबलेली असते. अंडं बाहेर आलं, हवा लागली, की वाढ पुन्हा सुरू होते आणि दिवसा-दोन दिवसांत गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला वरच्या बाजूने जोडला जातो. त्यानंतर अंडं उलटलं तर हे नाजूक जोड फाटतात. म्हणून अंड्याला हात लावण्याआधी ते आहे तसंच ठेवून वरच्या बाजूला साध्या पेन्सिलीने बारीक खूण करतात. शाईचं पेन नको, कवच सच्छिद्र असतं. मग ती खूण वरच राहील अशा बेताने अंडं उचलायचं. कोंबडीच्या अंड्यांसाठीचं उबवणी यंत्र वापरत असाल, तर त्यातली अंडी फिरवणारी मोटर आधी बंद करायची.

हेच ज्ञान आपल्या कोकणकिनाऱ्यावर वापरात आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावी 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे आणि गावकऱ्यांच्या साथीने, ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. ही समुद्री कासवं, अंडी शंभराच्या आसपास, कवच मऊ. पण सूत्र एकच. रात्री मादी अंडी घालून गेली की ती लवकरात लवकर, हलक्या हाताने, न उलटता कुंपणाच्या आत आणतात आणि मादीने केला होता तसाच, मडक्यासारखा तळाशी रुंद खड्डा करून त्यात पुरतात. पुढचं काम वाळूची ऊब करते.

ऊब फक्त पिल्लू वाढवत नाही, ते नर होणार की मादी हेही ठरवते. मादलेन शार्निए यांनी 1966 मध्ये सरड्याच्या एका जातीत ही गोष्ट पहिल्यांदा नोंदवली आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला क्लोद पिओ यांनी कासवांत. टिमथीच्याच जातीची अंडी त्यांच्या अभ्यासात होती. बहुतेक कासवांत थंड अंड्यांतून नर निघतात, उबदार अंड्यांतून माद्या. हर्मनच्या कासवात ही सीमारेषा 31.5 अंश सेल्सियसच्या आसपास आहे. अंडं संपूर्ण काळ संवेदनशील नसतं. निर्णय होतो तो साधारण मधल्या तिसऱ्या हिश्शात. 2018 मध्ये लाल कानाच्या कासवावरच्या संशोधनात दिसलं, की थंड अंड्यात एक विशिष्ट जनुक जागं होऊन नरत्वाच्या जनुकावरचं कुलूप काढतं. गालापागोस बेटांवर या ज्ञानाचा उपयोग लुप्त होत चाललेल्या जाती वाढवायला केला जातो: 28 अंशांवर नर, 29.5 वर माद्या. दीड अंशाचा फरक! आणि 2018 च्याच दुसऱ्या एका अभ्यासात ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागात वाढणाऱ्या हिरव्या समुद्री कासवांच्या पिल्लांत 99 टक्के माद्या आढळल्या. समुद्रकिनारे तापत चालले आहेत, हे इतक्या स्पष्टपणे दुसरं काही सांगत नसेल.

घरच्या उबवणीला फार महागडं काही लागत नाही. झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात ओलसर व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइट, त्यात अंडी अर्धी रुतवलेली. डबा उबवणी यंत्रात, ज्यात थर्मोस्टॅट विश्वासाचा आहे. हर्मनच्या अंड्यांना 31 अंशांच्या आसपास ठेवलं, तर साधारण दोन महिन्यांत पिल्लं येतात. 33 अंशांच्या पुढे पाठीच्या कवचावर जास्तीचे खवले आणि व्यंगं दिसू लागतात, म्हणून माद्या हव्यात या हव्यासाने ऊब चढवत नेऊ नये. थर्मामीटर दोन असावेत आणि एक अंड्यांच्या पातळीला. यंत्राच्या छतापाशी दिसणारा आकडा अंड्याचा नसतो. डबा आठवड्यातून एकदा उघडून हवा बदलावी. दोन-तीन आठवड्यांनी अंधाऱ्या खोलीत, अंडं जागचं न उलटता, खालून टॉर्चचा उजेड दिला तर जिवंत अंड्यात तांबूस शिरांचं जाळं दिसतं. वांझ अंडं पिवळट, एकसारखं पारदर्शक राहतं. तरी ते फेकायची घाई नको, कुजेपर्यंत थांबावं. मादागास्करच्या किरणांकित कासवासारख्या काही जातींत तर गर्भ मध्येच वाढ थांबवून बसतो आणि काही आठवडे गारवा मिळाल्यावरच पुढे जातो. त्या अंड्यांना सतत ऊब देत राहणं हाच त्यांचा घात ठरतो.

पिल्लू बाहेर येतानाही हात आवरायचा असतो. चोचीच्या टोकावरच्या बारीक काट्याने ते कवचाला पहिलं भोक पाडतं आणि मग तासन्‌तास तसंच पडून राहतं. मेलं की काय, असं वाटून जातं. ते त्या वेळात पोटाखालचा उरलेला बलक आत ओढून घेत असतं. बाहेर येतं तेव्हा त्याचं अंगावरचं कवच मधोमध दुमडलेलं असतं, कारण अंड्यात ते दुमडूनच बसलेलं होतं. एक-दोन दिवसांत ते सरळ होतं. अंड्याचं कवच सोलून पिल्लाला ‘सोडवलं’ तर बलकाची पिशवी फाटून ते मरतं. ओल्या टिशू कागदावर, त्याच उबेत, बलक आत जाईपर्यंत त्याला राहू द्यावं, मग उथळ पाण्यात बसवावं.

पण उबवावीत का, हा प्रश्न पेन्सिलीने खूण करण्याच्याही आधीचा आहे. 1984 मध्ये युरोपीय समुदायाने भूमध्य सागराकाठच्या कासवांच्या आयातीवर बंदी घातली. त्याआधी ती जहाजं भरभरून इंग्लंडात येत आणि पहिल्याच हिवाळ्यात मोठ्या संख्येने मरत. बंदीनंतर घरच्या बागेत जन्मलेल्या प्रत्येक पिल्लाने रानातलं एक कासव वाचवलं असं म्हणता येईल, आणि विक्रीसाठी त्याला रीतसर प्रमाणपत्रही लागतं. अमेरिकेत मात्र सहाराच्या दक्षिणेकडच्या सुल्काटा कासवाची गोष्ट वेगळी आहे. तळहातावर मावणारं पिल्लू दुकानातून येतं, पुढे नराचं वजन 50 किलोच्या पार जातं आणि मादी एका वेळी 15 ते 30 अंडी घालते, वर्षात अनेकदा. ॲरिझोनातली कासवांची आश्रयस्थानं सोडून दिलेल्या सुल्काटांनी भरली आहेत. त्याच राज्यात स्थानिक वाळवंटी कासव दत्तक मिळतं, पण त्याची पैदास करायला कायद्याने मनाई आहे. अशा जातीची अंडी पडल्याबरोबर, गर्भ वाढू लागण्याआधी, गोठवून टाकणं हाच दयाळूपणा आहे असं मी ठामपणे म्हणेन.

आपल्याकडे तर हा प्रश्न कायद्यापाशीच संपतो. पाठीवर चांदण्या असलेलं आपलं स्टार कासव वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली संरक्षित आहे. 2022 च्या दुरुस्तीने ते पहिल्या अनुसूचीत गेलं, आणि 2019 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सर्वांत कडक बंदी आहे. ते घरात ठेवणंच गुन्हा, मग अंडी उबवणं दूरच. असं कासव कुणाकडे असेल तर ते वनखात्याच्या स्वाधीन करावं. मत्स्यालयांच्या दुकानांतून येणारं लाल कानाचं अमेरिकी कासव घरात अंडी घालू शकतं. त्याची पिल्लं तळ्यात सोडली तर तिथल्या देशी कासवांचं अन्न आणि उन्हाची जागा दोन्ही जाते. त्याची अंडी उबवू नयेत, आणि ते कासव नकोसं झालं तरी तळ्यात सोडू नये.

अंड्यांचं काय करायचं ते ठरलं, की त्याच संध्याकाळी आईकडे जावं. अंडी घालून ती दमलेली आणि तहानलेली असते. कोमट, उथळ पाण्यात बसवलं तर मान बुडवून बराच वेळ पाणी पिते. पोटात अंडं राहिलंय का, अशी शंका असेल तर क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. हर्मनची मादी एका मोसमात पुन्हा अंडी घालू शकते, बहुधा तीन-चार आठवड्यांनी. तेव्हा वाळूचा ढीग मोडू नये, समुद्रफेस संपला असेल तर नवा ठेवावा, आणि पहिल्या अंड्यांची तारीख, संख्या, वजन वहीत लिहून ठेवावं. पुढच्या खेपेला डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.