आठवते, माहीत आहे, येते

मराठीत आपण ‘मला सायकल येते’ असे म्हणतो. ‘सायकल आठवते’ असे कोणी म्हणत नाही. बारा पंचे साठ हे ‘माहीत’ असते. आणि तो पाढा चुकल्यावर बसलेली छडी, ती ‘आठवते’. मी बी.ए. झालेला कवी, मानसशास्त्राचा पंडित नव्हे. पण ही तीन क्रियापदे मेंदूतही वेगवेगळी नांदतात, याचा पुरावा वाचला तेव्हा मला माझ्या भाषेचे कौतुक वाटले.

हा पुरावा प्रामुख्याने दुखावलेल्या माणसांनी दिला आहे. अमेरिकेतला हेन्री मोलेसन फेफऱ्याने बेजार होता. १९५३ साली, तो २७ वर्षांचा असताना, डॉ. स्कोव्हिल यांनी त्याच्या दोन्ही कानशिलांच्या आतल्या बाजूचा मेंदूचा थोडा भाग काढला. फेफरे कमी झाले, पण नवी आठवण टिकेनाशी झाली. ब्रेंडा मिल्नर ही मानसशास्त्रज्ञ बाई खोलीबाहेर जाऊन परत आली की पुन्हा नव्याने ओळख!

मिल्नरबाईंनी त्याला दुहेरी रेषांची चांदणी दिली. फक्त आरशात पाहत दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवायची. घरी करून पाहा, हात भलतीकडेच जातो. हेन्रीने तीन दिवस सराव केला. प्रत्येक वेळी त्याला वाटे, आपण हे प्रथमच करतो आहोत. हात मात्र सुधारत गेला. डोक्याला पत्ता नाही आणि हाताला वळण लागलेले! २००८ मध्ये तो वारला, तोवर जगाला त्याची केवळ ‘एच. एम.’ ही आद्याक्षरे ठाऊक होती.

कोणी शंका काढील, की स्मरणशक्ती एकच असेल. ती अधू झाल्यावर सोपे तेवढे उरले, अवघड गेले. शंका रास्त आहे. तिचे निरसन करायला उलट बाजूचा रुग्ण हवा. नोल्टन, मँगल्स आणि स्क्वायर यांनी १९९६ मध्ये तो दाखवला. पत्त्यांवरच्या आकृत्या पाहून पाऊस की ऊन, हे ओळखायचे. नियम पक्का नाही, खेळता खेळता अदमास येतो. विस्मृतीचे रुग्ण हे शिकले, पण मागाहून खेळाविषयी विचारले तर त्यांना धड सांगता येईना. पार्किन्सनच्या रुग्णांना खेळ नीट आठवत होता, अदमास मात्र येईना. मला हा पुरावा हेन्रीपेक्षाही बळकट वाटतो.

राहिले ‘माहीत असणे’. घटनांची आठवण आणि नुसते ज्ञान वेगळे आहे, असे एंडेल टुल्व्हिंग यांनी १९७२ मध्येच मांडले होते. माझ्या काही कविता मला तोंडपाठ आहेत. त्या कुठल्या संध्याकाळी सुचल्या, ते काही केल्या आठवत नाही. माझे एवढ्यावर भागते. कॅनडातल्या केंट कॉक्रेनचे तसे नव्हते. १९८१ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या मेंदूला जबर मार बसला. त्यानंतरही त्याला बुद्धिबळ येई. उन्हाळ्यात राहायला आपल्या कुटुंबाचे एक घर आहे, हेही त्याला माहीत होते. पण तिथे घालवलेला एकही दिवस त्याला आठवत नव्हता. आयुष्यातला कुठलाच प्रसंग नाही. टुल्व्हिंग यांनी त्याला विचारले, उद्या काय करणार? तेव्हा त्याला काहीच सुचेना. कालच्यासारखेच उद्याच्या जागीही सगळे कोरे होते.