उत्तरेचा सूर्य आणि सायंकाळचे ताट

मोंढ्यावर आयुष्य गेलेले लातूर-नांदेडचे ज्येष्ठ दांपत्य मुलाकडे मेलबर्नला जाते, तेव्हा घड्याळातील फरकाची तयारी त्यांनी केलेली असते. तेथील वेळ आपल्यापुढे साडेचार तास आणि तिकडच्या उन्हाळ्यात साडेपाच तास असते, हे त्यांना ठाऊक असते. खरे आश्चर्य त्यांना भेटते ते आकाशात.

गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांत ज्यांची दिशा कधी चुकली नाही, तेही मेलबर्नच्या पहिल्याच दुपारी गोंधळतात. सूर्य पूर्वेला उगवतो, पश्चिमेला मावळतो; परंतु माध्यान्ही तो उत्तरेस असतो. मराठवाड्याला हे अगदीच अपरिचित नाही. मेच्या मध्यास लातूरवर आणि नंतर काही दिवसांनी नांदेडवर सूर्य बरोबर माथ्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. तेथून जुलैच्या अखेरीपर्यंत आपलाही दुपारचा सूर्य किंचित उत्तरेलाच असतो. मेलबर्नला मात्र तो बाराही महिने उत्तरेस.

रात्री ध्रुवतारा शोधूनही सापडत नाही. शुद्ध अष्टमीचा अर्धचंद्र आपल्याकडे उजव्या अंगाने उजळलेला दिसतो, तर तेथे डाव्या अंगाने; क्षणभर वद्य पक्षच वाटावा. तिथी बदललेली नसते, केवळ पाहणाऱ्याची जागा बदललेली असते.

भुसार व्यापारी ऋतू ओळखतो तो पिकावरून. आपल्याकडे हरभऱ्याची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होते. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागात आणि क्वीन्सलँडमध्ये त्याच सुमारास हरभऱ्याची काढणी चालू असते. म्हणूनच मराठवाड्याचे नवे पीक मोंढ्यावर येण्यापूर्वी तिकडचा माल आपल्या बंदरांत उतरू शकतो. ज्या आवकेची चर्चा दुकानाच्या गादीवर बसून केली, तिचे मूळ पृथ्वीच्या कललेल्या आसात आहे, हे तेथे गेल्यावर उमगते.

मात्र कसोटी लागते ती चौविहाराची. लातूरला वर्षभरात सूर्यास्ताची वेळ साधारण सव्वा तासाने मागे-पुढे होते. त्यामुळे सायंकाळचे जेवण सहाच्या सुमारास, हा घराचा परिपाठच होऊन जातो. मेलबर्नला जूनमध्ये सूर्य पाच वाजून दहा मिनिटांच्या आसपास मावळतो. दोन घडी आधी जेवण आटोपणाऱ्यास साडेचारपूर्वीच ताटावरून उठावे लागते. मुलगा आणि सून तेव्हा कार्यालयातच असतात. ज्यांच्यासाठी एवढा प्रवास केला, त्यांच्याविना दोघांनीच जेवावे लागते. सूर्योदय साडेसातनंतर होत असल्याने नवकारशीही सव्वाआठच्या पुढे जाते.

डिसेंबरमध्ये चित्र पालटते. तेथे तेव्हा भर उन्हाळा, त्यात घड्याळे एक तास पुढे केलेली. सूर्यास्त पावणेनऊच्या सुमारास होतो. सारे कुटुंब घरी परतते, हातपाय धुते आणि स्वच्छ उजेडात एका पंगतीला बसते. जूनमध्ये ज्या नियमाने ताटे वेगळी केली, तोच नियम डिसेंबरमध्ये कोणाचाही अडसर होत नाही.

‘सहाला जेवायचे’ ही सवय होती. नियम सूर्याचा होता. आयुष्यभर दोन्ही एकच वाटत आले, कारण आपल्या गावी त्यांच्यात फारसे अंतर पडत नव्हते. दक्षिण गोलार्धात ते अंतर पडते आणि आपण नक्की काय पाळतो, हे स्वतःला विचारावे लागते.

म्हणून तिकीट काढताना भाड्याबरोबर तेथील सूर्यास्ताची वेळही पाहावी. हिवाळ्यातच जाणे झाले, तर शनिवार-रविवारचे जेवण सर्वांनी मिळून दिवसाउजेडी करण्याचे आधीच ठरवावे. इतर दिवशी मुले उशिरा जेवायला बसतील, तेव्हा पुढ्यात ताट नसले तरी त्यांच्या शेजारी बसावे. दिवसभराच्या गोष्टी ऐकण्यास सूर्यास्ताची मर्यादा नाही.