फोन केला म्हणजे कळवलं असं नाही

दोंडाईचा धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यात मोडतं, पण तालुक्याच्या गावापेक्षा मोठं आहे. मिरचीचा बाजार, सुरत-भुसावळ मार्गावरचं स्टेशन, उपजिल्हा रुग्णालय, खासगी दवाखाने आणि दवाखान्यांच्या आधारानं उभ्या राहिलेल्या लॅब. साध्या तपासण्या गावातच होतात. अवघड तपासण्यांची सॅम्पलं धुळ्याला जातात, काही थेट मुंबईला. सरकारी आरोग्य केंद्रांतल्या सॅम्पलांसाठी 2017 मध्ये एचएलएल लाइफकेअर या कंपनीमार्फत ‘महालॅब’ सेवा सुरू झाली. तिथंही रक्त एका गावात काढायचं आणि तपासायचं दुसऱ्या गावात, अशीच रचना. काढणारा एक, नेणारा दुसरा, तपासणारा तिसरा, सही करणारा चौथा आणि त्यावरून औषध लिहिणारा पाचवा. या पाच जणांची कधी समोरासमोर गाठ पडत नाही.

अशा साखळीत लॅबप्रमुखाचं मुख्य काम बोलण्याचं असतं, हे सांगितलं तर पुष्कळांना पटत नाही. ‘संवादकौशल्य’ म्हटलं की व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर आणि गोड बोलण्याचे धडे आठवतात. इथं विषय वेगळा आहे. दिलेला निरोप पोहोचला का आणि बरोबर पोहोचला का, याची जबाबदारी घेण्याबद्दल हे लिहितो आहे. त्याबद्दलचे गैरसमज तसे जुनेच आहेत.

‘रिपोर्ट पाठवला, आमचं काम संपलं’

पोटॅशियम 6.8 आलेला कागद आणि कोलेस्टेरॉल थोडं वाढलेला कागद, दोन्ही एकाच ट्रेमध्ये, एकाच रांगेत पडून राहतात. पहिल्या पेशंटचं हृदय कुठल्याही क्षणी बंद पडू शकतं. लॉस एंजेलिसचे पॅथॉलॉजिस्ट जॉर्ज लुंडबर्ग यांनी 1972 मध्ये ‘पॅनिक व्हॅल्यू’ची कल्पना मांडली ती यासाठीच. ताबडतोब काही केलं नाही तर जीव धोक्यात येईल असा आकडा दिसला, की छापील रिपोर्टची वाट न बघता लॅबनं स्वतः डॉक्टरला कळवायचं. आज जगभर ही पद्धत रूढ आहे. लॅबसाठीचं आयएसओ 15189 हे मानक तर कोणी कळवलं, कोणाला, किती वाजता, काय सांगितलं, ते बरोबर ऐकलं गेलं याची खात्री कशी केली आणि कळवताना काय अडचण आली, या सगळ्याची नोंद मागतं. लॅबची गुणवत्ता तपासणाऱ्या एनएबीएल या संस्थेची मान्यता याच मानकावर मिळते. मान्यता नसलेल्या छोट्या लॅबलाही त्यासाठी एक वही पुरते.

यातलं ‘खात्री’ हे कलम बहुतेक जण सोडून देतात. फोन झाला, पलीकडून ‘हो हो’ आलं, झालं. अमेरिकेत 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फोनवर दिलेल्या 822 निरोपांनंतर ऐकणाऱ्याला तो परत म्हणून दाखवायला सांगितलं. 29 वेळा चुकीचं ऐकलं गेलं होतं, म्हणजे साधारण साडेतीन टक्के. नाव वेगळं, आकडा वेगळा, कधी तपासणीच वेगळी. आपल्याकडं तर आकड्यांचा घोळ जास्तच. वॉर्डातल्या गलक्यात ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांत काय फरक ऐकू येतो? इंग्रजीतून सांगितलं तरी ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ आहेतच. प्लेटलेट पंधरा हजार आणि पन्नास हजार यांवर होणारे निर्णय पूर्ण वेगळे असतात. म्हणून आकडा सुटा करून सांगायचा, ‘एक-पाच, पंधरा हजार’, आणि लगेच, ‘सिस्टर, आता तुम्ही मला सांगा, काय लिहिलं?’

हे विचारायला संकोच वाटतो, समोरच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं, असं टेक्निशियन म्हणतात. रेल्वेत फाटक बंद झाल्याची खात्री म्हणून गेटमन स्टेशनमास्तरला ‘प्रायव्हेट नंबर’ देतो. त्यात कोणाचा अपमान होत नाही, कारण तो सगळ्यांनाच द्यावा लागतो. लॅबमध्येही परत म्हणवून घेणं हा कोणा एकाचा स्वभाव असता कामा नये. तो नियम हवा आणि तो करून घेणं प्रमुखाचं काम. कुठले आकडे ‘पॅनिक’ धरायचे ही यादीसुद्धा पुस्तकातून उतरवून भिंतीवर लावायची नसते. गावातल्या फिजिशियन, बालरोगतज्ज्ञ, प्रसूतितज्ज्ञ यांच्याशी बसून ठरवावी लागते. रात्री अकरा वाजता फोन कोण उचलेल, हेही त्याच बैठकीत ठरतं. नाहीतर यादी असते आणि फोन वाजत राहतो.

‘चुका मशीनमध्ये होतात’

महागडं मशीन घेतलं की चुका संपतील, हा सगळ्यात खर्चिक गैरसमज. इटलीतल्या पाडोव्हा इथल्या प्लेबानी आणि कॅरारो यांनी 1997 मध्ये आपल्याच रुग्णालयाच्या लॅबमधल्या चुका मोजल्या. 68.2 टक्के चुका सॅम्पल मशीनमध्ये जाण्यापूर्वीच्या होत्या. प्रत्यक्ष तपासणीतल्या 13.3 टक्के. दहा वर्षांनी त्यांनीच पुन्हा मोजलं, तेव्हाही पहिला आकडा 61.9 टक्के होता. नाव चुकलं, ट्यूब चुकली, रक्त कमी पडलं, सॅम्पल उशिरा आलं. हे सगळं लॅबच्या भिंतीबाहेर, लॅबचा पगार न घेणाऱ्या माणसांच्या हातून घडतं. त्यांना हुकूम सोडता येत नाही, समजावूनच सांगावं लागतं.

खानदेशच्या उन्हाचं उदाहरण घ्या. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. कलेक्शनचा मुलगा काळजीनं ट्यूबा लगेच बर्फाच्या पिशवीत ठेवतो. थंड ठेवलं म्हणजे सॅम्पल टिकतं, असं त्याला वाटतं आणि कोणालाही वाटेल. पण रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सिरम वेगळं न करता थंड केलं, तर तांबड्या पेशींतला पंप मंदावतो आणि आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. धुळ्याला पोहोचेपर्यंत धडधाकट माणसाचं पोटॅशियम वाढलेलं. उलट, साध्या ट्यूबमधलं न फिरवलेलं रक्त गरम ठेवलं तर पेशी साखर खात राहतात. साधारण तापमानातही दर तासाला पाच ते सात टक्के ग्लुकोज कमी होतं, उन्हात त्याहून जास्त. सकाळची दीडशेची शुगर चार तासांनी सव्वाशेच्या खाली दिसू शकते. फ्लोराइडची करड्या टोपणाची ट्यूब हा उपाय आहे, पण तिचा परिणाम सुरू व्हायलाही तास-दोन तास लागतात.

आता हे त्या मुलाला कोणी सांगितलं? ‘सॅम्पल नीट आणत जा’ एवढंच बहुधा कानावर आलेलं असतं. ‘नीट’ची त्याची व्याख्या बर्फ ही होती आणि त्यानं ती पाळली. ‘आधी फिरव, सिरम वेगळं कर, मग थंड कर’ एवढं सांगून पोटॅशियमचं कारण दोन वाक्यांत दिलं असतं, तर ते त्याला कायमचं लक्षात राहिलं असतं.

सॅम्पल परत पाठवण्याचंही तसंच. ‘हेमोलाइज्ड, रिजेक्टेड’ असा शिक्का वॉर्डात जातो. सिस्टरला कळतं ते इतकंच की लॅबवाले पुन्हा नखरे करताहेत. ‘सुई न काढता सिरिंजमधून जोरात ढकललं की पेशी फुटतात, सुई काढून, ट्यूबच्या कडेनं हळू सोडा’ हे वाक्य त्या शिक्क्यापेक्षा लांब आहे, पण पुढची शंभर सॅम्पलं वाचवतं. एखाद्या रिपोर्टात पोटॅशियम खूप वर आणि कॅल्शियम खूप खाली दिसलं, तर जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधलं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतल्याची शंका जाणत्या प्रमुखाला येते. त्या ट्यूबमधल्या ईडीटीएचा तो ठसाच असतो. तेव्हा रिपोर्ट अडवून ‘सिस्टर, ट्यूब बदलली होती का?’ असं आवाज न चढवता विचारता आलं पाहिजे. आवाज चढवला तर उत्तर ‘नाही’ असंच येतं.

‘झापल्याशिवाय शिस्त लागत नाही’

हा समज आपल्याकडं फार घट्ट आहे, आणि लॅबपुरता नाही. 1990च्या दशकात संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या औषध देण्यातल्या चुका अभ्यासल्या. चांगल्या वॉर्डांत चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले: चांगलं नेतृत्व असलेल्या वॉर्डांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या. खोलात गेल्यावर कारण उलगडलं. तिथं चुका उघडपणे सांगितल्या जात होत्या. बाकीच्या ठिकाणी त्या झाकल्या जात होत्या. ज्या लॅबच्या वहीत वर्षभर एकही चूक नाही, तिथं माझ्या मते प्रमुखानं अभिमानाऐवजी काळजी करावी.

चूक तर सोडाच, शंकासुद्धा वर यायला वाट असावी लागते. याचं आपल्याच मातीतलं उदाहरण रक्तगटाचं आहे. तांबड्या पेशी ए आणि बी या दोन्ही अँटीसिरमशी गुठळी करत नाहीत, तेव्हा गट ‘ओ’ ठरतो. पण अशा काही थोड्या माणसांचं सिरम ‘ओ’ गटाच्या पेशींचीही गुठळी करतं. पटकन वाटतं, टेक्निशियनचा हात चुकला. मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ही विसंगती चूक म्हणून झटकली नाही. लंडनच्या तज्ज्ञांच्या साथीनं तिचा माग काढला आणि 1952 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तो नवा गट मांडला. तोच बॉम्बे ब्लड ग्रुप. या माणसांना ‘ओ’ रक्त दिलं तर जिवावर बेततं. त्यांना त्याच गटाचं रक्त लागतं. आज एखाद्या लॅबमधली नवी मुलगी ‘मॅडम, ओ सेल्सबरोबर पण गुठळी येतेय’ म्हणाली आणि मॅडमनी ‘तुझंच काहीतरी चुकलं, पुन्हा लाव’ म्हणून विषय मिटवला, तर पुढच्या वेळी ती बोलणार नाही. ‘पुन्हा लाव’ हे बरोबरच आहे. पण त्यानंतर ‘तरीही आली तर मला दाखव’ हे म्हणायला हवं.

‘लाल रंगात आलं म्हणजे आजार’

हा गैरसमज पेशंटचा, पण तो दूर करण्याची संधी लॅबकडं असते. नॉर्मल रेंज साधारणपणे निरोगी माणसांपैकी 95 टक्के त्यात बसतील अशी आखलेली असते. म्हणजे निरोगी विसांतला एक बाहेर जाणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्यांचं पॅकेज केलं, तर पूर्ण धडधाकट माणसाचा एक तरी आकडा लाल येण्याची शक्यता 64 टक्के निघते. पीडीएफ व्हॉट्सअॅपवर जाते आणि रात्रभर घर जागं राहतं. रिपोर्टच्या तळाशी दोन ओळी मराठीत छापायला खर्च येत नाही.

‘पेशंटशी बोलणं डॉक्टरचं काम’

निदान सांगणं डॉक्टरचंच. पण लिफाफा लॅबच्या काउंटरवर मिळतो आणि पहिला प्रश्न तिथंच येतो, बहुतेकदा अहिराणीत: ‘भाऊ, रिपोट चांगला शे ना?’ उत्तर देणारा पोरगा काहीतरी बोलतोच. नेमकं काय बोलायचं, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या बाबतीत हे ‘काहीतरी’ महागात पडतं. शेजारचा नंदुरबार जिल्हा, जो 1 जुलै 1998 पर्यंत धुळ्याचाच भाग होता, तिथल्या भिल्ल-पावरा वस्त्यांमध्ये हा आजार आढळतो. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. 2047 पर्यंतचं उद्दिष्ट आहे आणि 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. पहिल्या पायरीवर वापरली जाणारी सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली, तरी त्या व्यक्तीला आजार आहे की ती नुसती वाहक आहे, हे त्यातून ठरत नाही. ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी केल्यावरच कळतं. वाहक माणूस एरवी तब्येतीनं ठणठणीत असतो. नवरा-बायको दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. जोडीदार वाहक नसेल आणि त्याला आजारही नसेल, तर बाळाला सिकलसेल ॲनिमिया होत नाही. काउंटरवर ‘सिकल पॉझिटिव्ह आहे’ एवढंच ऐकून गेलेल्या मुलीच्या घरी यातलं काहीच पोहोचत नाही. तिचं लग्न मोडायला मात्र तेवढं पुरतं.

म्हणून प्रमुखानं दोन गोष्टी ठरवून द्याव्यात. पहिल्या चाचणीचा निकाल काउंटरवर सांगायचा नाही. ‘अजून एक तपासणी बाकी आहे, तोवर काही ठरवू नका’ एवढंच सांगायचं. आणि पक्का रिपोर्ट ‘वाहक’ असा आला, तर तो आड खोलीत, शांतपणे, घरच्यांच्या बोलीत द्यायचा: ‘तुमले हाऊ आजार नही शे.’ लग्नाआधी जोडीदाराची तपासणी करा, हे त्याच बैठकीत, आणि समुपदेशक कुठं, कोणत्या वारी भेटतात ते कागदावर लिहून. पावरी किंवा भिलोरी बोलणारं कोणी लॅबमध्ये नसेल, तर गावाकडच्या आशाताईंना फोन लावायचा आणि त्यांच्याकडूनही ते एकदा परत म्हणवून घ्यायचं.