किरणानुसरणातील दोन काळिमा

संगणकावर चित्र सिद्ध करण्याच्या किरणानुसरण पद्धतीत प्रकाशाचा मार्ग उलट, म्हणजे डोळ्यापासून वस्तूकडे, शोधला जातो. १९६८ साली आर्थर ॲपेल यांनी या मार्गाने छाया दाखविल्या. १९८० साली टर्नर व्हिटेड यांनी परावर्तन व वक्रीभवन यांचाही त्यात अंतर्भाव केला. अशा चित्रात कधी कधी अकारण काळिमा उमटतो. अभ्यासकाने तो वस्तूचाच गुण मानला, तर निष्कर्ष चुकतो. म्हणून त्याचे प्रकार ओळखणे अवश्य आहे.

पहिला प्रकार उजळ पृष्ठभागावर विखुरलेल्या ठिपक्यांचा. पृष्ठभागावरील बिंदूपासून दिव्याकडे छायाकिरण सोडला जातो. परंतु संगणक संख्या मर्यादित अंकांतच साठवितो. रूढ ३२ बिटांच्या पद्धतीत १००० च्या किंचित अलीकडे लगतच्या दोन संख्यांत सुमारे ०.००००६ इतके अंतर असते. त्यामुळे बिंदू पृष्ठभागाखाली गेला, की किरण त्याच पृष्ठभागावर आदळतो आणि वस्तूची छाया वस्तूवरच पडते. किरणाचा आरंभ लंबाच्या दिशेने थोडा सरकविणे, हा यावर उपाय होय. मात्र हे सरकविणे प्रमाणाबाहेर झाल्यास छाया वस्तूपासून सुटलेली दिसते.

दुसरा प्रकार एकामागे एक ठेवलेल्या काचांतील सलग काळ्या भागाचा. ‘पॉव्ह-रे’ या आज्ञावलीत किरणाच्या उत्तरोत्तर शाखांची मर्यादा मुळात ५ असते. ती ओलांडली जाताच काळा रंग येतो. मर्यादा १० करून चित्र पुन्हा काढावे. काळिमा घटल्यास दोष मर्यादेचा. तसाच राहिल्यास कारण अन्यत्र शोधावे. निदानापूर्वी चित्रावरून अनुमान काढू नये.