चंद्रपूरचा परकोट

इरई आणि झरपट या दोन नद्यांच्या संगमालगत वसलेले चंद्रपूर हे विदर्भातील गोंड राजांच्या राजधानीचे शहर होय. या जुन्या शहराभोवती सुमारे ११ किलोमीटर लांबीचा दगडी तट असून स्थानिक लोक त्यास ‘परकोट’ म्हणतात. दरवाजांतून रोज ये-जा करणाऱ्यांपैकी फारच थोडे लोक तटावर चढून गेलेले असतात. वास्तविक या शहराची रचना समजून घ्यावयाची असेल, तर परकोटावरून चालण्यासारखा दुसरा मार्ग नाही.

उभारणी

परकोटाचा पाया पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात खांडक्या बल्लाळशहा या राजाने घातला, असे परंपरा सांगते. त्याची राजधानी तेव्हा बल्लारपूर येथे होती. झरपटीच्या पाण्याने राजाचा त्वचाविकार बरा झाला. पुढे त्याच परिसरात एका सशाने शिकारी कुत्र्याचा उलट पाठलाग केला आणि तो ससा ज्या मार्गाने धावला, त्या मार्गावर राणीच्या सल्ल्याने तट बांधण्यात आला, अशी आख्यायिका आहे. बांधकाम पुढील अनेक राजांच्या काळात चालू राहिले व सतराव्या शतकाच्या प्रारंभी धुंड्या रामशहाच्या कारकीर्दीत ते पूर्णत्वास गेले.

तटाची उंची साधारणतः १५ ते २० फूट आहे. त्यास चार दरवाजे आहेत : उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अंचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा आणि पश्चिमेस बिनबा. याखेरीज बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसण अशा पाच खिडक्या, म्हणजे लहान दरवाजे आहेत. दरवाजांवर हत्तीवर मात करणाऱ्या सिंहाचे शिल्प कोरलेले असून ते गोंड राजांचे राजचिन्ह होय.

तटावरून काय दिसते

तटाच्या आतील अंगास, चर्यांच्या मागे, पहारेकऱ्यांना फिरण्यासाठी वाट ठेवलेली असते. तीस फांजी म्हणतात. फांजीवरून चालताना एका बाजूस घरांची छपरे व परसदारे, तर दुसऱ्या बाजूस नदीकडील सखल जमीन दिसते. पूर्वेस झरपट व पश्चिमेस इरई वाहते. शहराच्या दोन बाजूंचे संरक्षण नद्याच करीत होत्या, हे येथे उभे राहिल्यावर नकाशावाचून कळते. इरईला मोठा पूर आला म्हणजे पठाणपुरा दरवाजाबाहेरच्या भागात पाणी पसरते. जुलै २०२२ मध्येही तसे घडले. तटाच्या आतील वस्ती उंचवट्यावर का आहे, याचे उत्तर अशा वेळी मिळते.

बगड खिडकीजवळ रामाळा तलाव आहे. अंचलेश्वर दरवाजाजवळ अंचलेश्वराचे मंदिर व गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांतील वीरशहाची समाधी त्याची राणी हिराई हिने बांधविली. दरवाजाबाहेर झरपटीच्या काठी महाकालीचे मंदिर असून तेथे चैत्रात मोठी यात्रा भरते. १७५१ मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेले. मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी या तटास खिंडार पाडले व त्या लढाईत किल्लेदार गंगासिंह कामी आले.

खरा शत्रू

तोफांहूनही अधिक हानी झाडाझुडपांनी केली आहे. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचे किंवा वडाचे बी दगडांच्या सांध्यात पडते. मूळ वाढले की सांधा रुंदावतो, त्यातून पावसाचे पाणी आत शिरते, चुना वाहून जातो आणि अखेरीस दगड निखळतो. वरवरची फांदी तोडल्याने मूळ मरत नाही. मूळ ओढून काढल्यास दगडही त्यासोबत येतो. म्हणून हे काम तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावयास हवे.

परकोटावर वर्षानुवर्षे माजलेली झुडपे व साचलेला कचरा हटविण्याचे काम मार्च २०१७ पासून चंद्रपूर येथील ‘इको-प्रो’ या संस्थेच्या स्वयंसेवकांनी श्रमदानाने हाती घेतले. ते शेकडो दिवस अखंड चालले. त्यामुळे बुरुजांवर पुन्हा पाऊल ठेवता येऊ लागले आणि तटावरून नागरिकांच्या व विद्यार्थ्यांच्या फेऱ्या निघू लागल्या.

कायदा आणि कर्तव्य

हा परकोट केंद्र संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारकविषयक १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामास मनाई आहे. त्यापुढील २०० मीटरपर्यंत बांधकामासाठी पूर्वपरवानगी घ्यावी लागते. स्मारकाची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तटालगत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कुटुंबांना घराच्या दुरुस्तीसाठीही परवानगी आवश्यक असते. ही बाब त्यांना नोटीस मिळाल्यावर नव्हे, तर आधीच समजली पाहिजे. स्थानिक अधिकाऱ्यांनी ती सोप्या भाषेत समजावून सांगितल्यास तट हा अडथळा न वाटता आपला वाटू लागेल.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना संपूर्ण ११ किलोमीटर चालविण्याची गरज नाही. हिवाळ्यातील एका सकाळी एखाद्या दरवाजापासून जवळच्या खिडकीपर्यंतचा चालण्याजोगा भाग पाहिला, तरी इतिहास, भूगोल व नागरिकशास्त्र या तिन्ही विषयांचा धडा एकत्र होतो. कठड्यावर चढू न देणे, पावसाळ्यात तटावर न जाणे व दगडावर नाव न कोरणे, एवढी शिस्त पाळावी.

अन्य गावांतही वेशी, गढ्या आणि तट ढासळत्या अवस्थेत उभे आहेत. त्यांचे दगड घराच्या पायासाठी नेण्यापूर्वी ग्रामपंचायतीने गावकऱ्यांना घेऊन एकदा त्यावरून चालून यावे. जे पायांखालून गेले, ते जपण्याची बुद्धी सहज होते, हा चंद्रपूरचा अनुभव आहे.