दशमी, एकादशी, द्वादशी : तीन दिवसांच्या ‘डिटॉक्स’चा जुना आराखडा

चिकोडी : दिवाळी, लग्नसराई किंवा जत्रांचा हंगाम सरला की पोट जड झाल्याची तक्रार घरोघरी ऐकू येते. त्याच सुमारास ‘तीन दिवसांत शरीर शुद्ध करा’ असे संदेश मोबाईलवर फिरू लागतात. नुसता फळांचा रस, कडू काढे, जुलाबाचे चूर्ण असा त्यांतील सल्ला असतो. चिकोडी-निपाणी भागातील वारकरी घरांना मात्र तीन दिवसांचा आहारनियम नवा नाही. दशमीला एक वेळ जेवण, एकादशीला उपवास आणि द्वादशीला पारणे. धार्मिक भाव क्षणभर बाजूला ठेवला तरी या क्रमात एक शहाणपण आहे : शरीराला उपवासाची आधी सवय करून द्यायची आणि नंतर त्याला सावकाश नेहमीच्या जेवणावर आणायचे.

शुद्धी करते कोण?

शरीरातील टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे अहोरात्र करीत असतात. निरोगी मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातून साधारण दीड लिटर मूत्र तयार होते. हे काम कोणताही रस किंवा काढा करीत नाही. हलक्या आहाराने इतकेच साधते की तेल, साखर, मीठ आणि मद्य यांचा भार काही काळ कमी होतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत घटलेले वजनही बहुतांशी पाण्याचे असते. यकृतात व स्नायूंत साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम शर्करेबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. तो साठा खर्ची पडला की काटा खाली येतो आणि जेवण सुरू होताच पुन्हा वर जातो.

तीन दिवस कसे असावेत?

पहिल्या दिवशी तळलेले, बाहेरचे आणि गोड पदार्थ बंद करावेत. रात्रीचे जेवण लवकर व कमी घ्यावे. या भागातील अनेक जैन कुटुंबे सूर्यास्तापूर्वी जेवतात. ती सवय येथे अनुकरणीय ठरते. चहा एकदम सोडल्यास डोके दुखते, म्हणून तो आधीच्या आठवड्यातच कमी करीत आणावा.

दुसऱ्या दिवशी मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, ज्वारीचे आंबील, पातळ ताक, काकडी आणि पेरू-पपईसारखी फळे पुरेशी होतात. फळ चावून खावे. रस काढून गाळला की चोथा जातो आणि साखर तेवढी उरते. व्रत पाळणाऱ्यांनी धान्याऐवजी उकडलेले रताळे, फळे व ताक घ्यावे. साबुदाण्याची खिचडी, तळलेले वडे आणि शेंगदाण्याचे लाडू आले की ‘एकादशी दुप्पट खाशी’ ही म्हण खरी ठरते.

तिसरा दिवस पारण्याचा. ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि मुगाची आमटी असे साधे जेवण घ्यावे. लगेच पंगतीचे जेवण नको. तिन्ही दिवस तहानेनुसार पाणी प्यावे. ऊसतोडीसारखी अंगमेहनतीची कामे असतील तेव्हा हा प्रयोग टाळावा.

धोका कोठे आहे?

जुलाबाच्या औषधांनी किंवा मिठाचे पाणी पिऊन केलेल्या ‘शुद्धी’त शरीरातील पाणी व क्षार यांचा तोल बिघडतो. दुधीच्या रसाबाबत तर विशेष सावधगिरी हवी. कडू दुधीत कुकुरबिटासिन हे विषारी द्रव्य असते. अशा रसाने विषबाधा होऊन मृत्यू ओढवल्याच्या घटनांनंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीने कडू रस मुळीच न पिण्याचा इशारा दिला होता. दुधीचा तुकडा आधी चाखून पाहावा आणि कडू लागल्यास फेकून द्यावा.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी जेवण कमी करून औषध तेवढेच ठेवल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. औषध मनानेच बंद करणेही तितकेच घातक. त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याविना त्यांनी असा प्रयोग करू नये. गर्भवती व स्तनदा माता, मुले, अशक्त वृद्ध, तसेच मूत्रपिंड किंवा हृदयाचे रुग्ण यांनीही तो टाळावा. घाम, थरथर, छातीत धडधड किंवा भोवळ जाणवल्यास उपवास तत्काळ सोडून गूळ किंवा साखरेचे पाणी घ्यावे आणि दवाखाना गाठावा. रुग्ण बेशुद्ध असल्यास त्याच्या तोंडात काहीही घालू नये.

या तीन दिवसांचे फळ चौथ्या दिवसापासून दिसते. रात्रीचे लवकर जेवण, बिनसाखरेचे ताक आणि ताटातील भाकरी-पालेभाजी एवढे जरी पुढे टिकले, तरी महागड्या पुड्या आणि बाटल्यांची गरज उरत नाही.