रेंडरमधली काच खोटी का दिसते?

आज आपण काचेकडे येऊ. लाकूड, वीट, काँक्रीट यांचं काम बरंचसं मटेरियलमध्येच होतं. चांगला फोटो मिळाला, माप बरोबर बसवलं, की झालं. काचेचं तसं नाही. तिच्याकडे स्वतःचं दाखवण्यासारखं फार थोडं असतं. ती दाखवते समोरचं आणि पलीकडचं. म्हणून काच खोटी दिसायला लागली, की स्लायडर हलवत बसण्याआधी तिच्यासमोर काय ठेवलंय ते बघायचं. बहुतेक वेळा काहीच नसतं. इमारत उभी केली, वर आकाश लावलं. पण समोरचा रस्ता, झाडं, शेजारची इमारत यांचा पत्ता नाही. मग प्रतिबिंब पडणार कशाचं?

आता थोडं भौतिकशास्त्र. खिडकीच्या साध्या काचेचा अपवर्तनांक, म्हणजे सॉफ्टवेअरमधला आयओआर, साधारण १.५२ असतो. तेवढा भरला की समोरून सरळ येणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के एका पृष्ठभागावरून परत फिरतो. काचेला पृष्ठभाग दोन, म्हणजे एकूण ८ टक्क्यांच्या आसपास. तिरकं बघितलं की हे प्रमाण वाढतं: ६० अंशांना एका पृष्ठभागावरून सुमारे ९ टक्के, ८० अंशांना जवळजवळ ३९. नदीच्या घाटावर उभं राहिलं, की पायाशी तळ दिसतो आणि लांबवर नुसतं आकाश. तोच हा प्रकार. फ्रेनेलचा हा नियम आजची बहुतेक रेंडर इंजिनं आपोआप पाळतात. आपण फक्त त्यात ढवळाढवळ करायची नाही.

८ टक्के म्हणजे किरकोळ, असं वाटतं ना? हिशेब करून बघू. ढगाळ दिवशी बाहेर १०,००० लक्स प्रकाश आहे आणि खोलीत ३०० लक्स, असं धरा. त्या ढगाळ आकाशाची दीप्ती दर चौरस मीटरला साधारण ३,००० कॅंडेला भरेल. तिचे ८ टक्के म्हणजे २४०. आत ३०० लक्समध्ये मध्यम रंगाची भिंत जेमतेम ५० पर्यंत जाते. म्हणजे काचेवरचं आकाश आतल्या भिंतीपेक्षा चार-पाच पट उजळ! दिवसा बाहेरून बघितलं तर खोली दिसत नाही, ती यामुळे. रात्री आकाश काळं झालं की पारडं उलटतं आणि आतला माणूस रस्त्यावरून स्वच्छ दिसतो. काच तीच, मटेरियल तेच.

इथे प्रश्न नुसत्या सुंदर चित्राचा राहत नाही. ग्राहक सही करतो ती चित्र बघून. भर दुपारी आतला सोफा, झुंबर, हसरं कुटुंब सगळं लख्ख दाखवायचं म्हणून परावर्तन शून्य करून टाकायची सवय आपल्या व्यवसायात आहे. ती आम्हाला मान्य नाही. अशी दुपार त्या इमारतीला कधीच लाभणार नाही, आणि संध्याकाळी पडदे लागणार आहेत ही गोष्टही त्या चित्रात लपून राहते. मीस व्हॅन डर रोह यांचं अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातलं फार्न्सवर्थ हाउस १९५१ साली पुरं झालं. चारी बाजूंनी काच. आपण सतत उघड्यावर असल्यासारखं वाटतं, ही तक्रार खुद्द मालकीणबाई डॉक्टर इडिथ फार्न्सवर्थ यांची होती.

पण दिवसा आतलं दाखवायचंच असेल तर? मार्ग आहे. त्याच घराचे फोटो बघा. भोवती मोठी झाडं आहेत. काचेत जिथे झाडाच्या गर्द भागाचं प्रतिबिंब पडतं तिथे आतलं दिसतं, आणि जिथे मोकळं आकाश पडतं तिथे काच आरसा होते. तेव्हा काचेसमोर, कॅमेऱ्याच्या मागे, एक दाट झाड उभं करा. चित्रात ते झाड दिसणारही नाही, पण खिडकीचा तेवढा तुकडा उघडेल. अर्थात त्या जागी खरोखर झाड असेल किंवा लावायचं ठरलं असेल तरच. नाहीतर सूर्यास्तानंतरची वेळ निवडा. तेव्हा आत-बाहेरचा प्रकाश जवळ येतो.

आता नेहमी विचारल्या जाणाऱ्या काही अडचणी. काच म्हणून नुसती एक सपाट पाटी ठेवली, की इंजिनाला वाटतं किरण काचेत शिरला आणि बाहेर पडलाच नाही, जणू अख्खी खोली काचेने भरली आहे. पाटीला खरी जाडी द्या, ६ मिलिमीटर वगैरे. किंवा पातळ काचेचा पर्याय असेल तर तो निवडा. नॉर्मल उलटे झाले असतील तर तेही तपासा. काच लावल्यावर खोली अंधारली, तर सावलीचा किरण काचेला अडतोय. ब्लेंडरच्या सायकल्समध्ये सावलीच्या किरणांपुरती काच पारदर्शक करतात. व्ही-रेमध्ये त्यासाठी वेगळा पर्याय आहे. एकामागे एक काचा असून मागचं काळं दिसतंय? बाउन्सची संख्या वाढवा.

रंगाबद्दल एकच. काचवाल्याच्या दुकानात उभ्या ठेवलेल्या काचा समोरून स्वच्छ दिसतात आणि कडेने हिरव्या. काचेतल्या लोहामुळे येणारा तो हिरवा रंग अंतरागणिक गडद होतो. तेव्हा रंग पृष्ठभागाला न देता आतल्या शोषणाला द्यायचा.

आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे सपाटपणा. खरी काच बसवल्यावर इतकी सपाट राहतच नाही. टफन्ड काच भट्टीतल्या रुळांवरून जाताना तिला बारीक लाटा पडतात. दुहेरी काचेत कोंडलेली हवा तापमानाप्रमाणे फुगते, आकसते आणि काच किंचित बाक घेते. प्रत्येक तावदान फ्रेममध्ये एका कोनात बसतं असंही नाही. म्हणून प्रत्यक्षात समोरच्या इमारतीचं प्रतिबिंब तावदानागणिक तुटतं, वाकडं होतं. रेंडरमध्ये प्रत्येक तावदान वेगळं ठेवा, अंशाच्या एक-दोन दशांशाने इकडेतिकडे फिरवा. काच जेवढी फिरते त्याच्या दुप्पट प्रतिबिंब फिरतं, त्यामुळे एवढं पुरतं. त्यावर अगदी मोठ्या, मंद लाटांचा बंप, तोही जेमतेम जाणवेल इतकाच.